ख्रिस्ती दुरात्म्यांचा विषय अभ्यासमंडळात कसा घ्यावा

सोलापुरातल्या श्रोत्यांसमोर आधी फळ्यावर दोन रकाने आखा: इकडे मुंजा-हडळ, तिकडे ख्रिस्ती दुरात्मे. आपल्याकडे मेलेला माणूस भूत होतो. ख्रिस्ती मतात दुरात्मा हा मुळात पतित देवदूत. देवाने त्यांना चांगलंच घडवलं, वाईट ते आपणहून झाले, असं १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने (चर्चच्या धर्मसभेने) नोंदवलं. हा फरक आधी सांगितला नाही, तर सगळी चर्चा भानामतीकडे घसरते.

मग बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा ५ वा अध्याय मोठ्याने वाचा; येशू एका माणसातून दुरात्मे हाकलतो, तो प्रसंग त्यात आहे.

खरा वेळ इव्हाग्रियसला (मृत्यू ३९९) द्या. इजिप्तच्या वाळवंटातला हा संन्यासी आठ कुविचारांमागे दुरात्मे पाहतो. त्यातला दुपारचा दुरात्मा सर्वांत जड: सूर्य हलतच नाही असं भासवतो, सारखं खिडकीबाहेर बघायला लावतो, शेवटी साधनेची कोठडी सोडून पळायला लावतो. मे महिन्यात सोलापुरात हा उतारा समजावून सांगावा लागत नाही!

युरोपातली चेटकीण-शिकार (चेटकीण ठरवून लोकांना पकडणं, मारणं) मात्र आहे त्याहून जुनी सांगू नका. बायका रात्री उडतात ही समजूत भ्रम आहे, असं सांगणारा चर्चचा नियम सुमारे ९०६ च्या संग्रहात आहे; मोठ्या शिकारी पंधराव्या शतकानंतरच्या. ख्रिस्ती धर्मशास्त्र्यांपैकी ऑगस्टीन दुरात्म्यांना हवेचं शरीर मानतो, अक्वायनस मानत नाही. वेळ उरला तरच हा मतभेद घ्या.