नेट बंद पडायच्या आधीच करून ठेवा: मधल्या सर्व्हरशिवाय बोलायची सोय

मधल्या सर्व्हरशिवाय, नेट नसतानाही फोनवरून फोनवर बोलता येईल अशी सोय ब्रायर नावाच्या ॲपने कशी करायची ते बघू. पण आधी एक गैरसमज काढून टाकू. ॲपवर ‘एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड’ लिहिलेलं दिसलं की लोक निवांत होतात, पण त्याचा अर्थ एवढाच की मेसेजमधला मजकूर मधे कुणाला वाचता येत नाही. तुम्ही कुणाशी, किती वाजता, किती वेळा बोललात हे मधल्या सर्व्हरला (म्हणजे निरोप पोचवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरला) बऱ्याचदा कळतंच, कारण निरोप पोचवायचा तर पत्ता माहीत असायला हवा ना. आणि तो सर्व्हर ब्लॉक केला की सगळ्यांचंच बोलणं एका झटक्यात बंद. इजिप्तमध्ये २०११ च्या जानेवारीअखेर तर एकेक साइट ब्लॉक करत बसायचीही तसदी घेतली नाही, जवळपास अख्ख्या देशाचं इंटरनेटच पाचेक दिवस बंद ठेवलं.

पीअर-टू-पीअरमध्ये हा मधला माणूसच काढून टाकायचा असतो. तुमचा फोन थेट समोरच्याच्या फोनशी बोलतो. फक्त खरंच काढलाय का ते बघावं लागतं. गाणी वाटून घ्यायचं नॅपस्टर आठवत असेल, गाणी लोकांच्याच कॉम्प्युटरवर होती पण कुणाकडे काय आहे त्याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती, म्हणून २००१ मध्ये कोर्टाचा दणका बसल्यावर सगळा खेळच संपला. त्याच वर्षी फाइली वाटून घ्यायचं बिटटोरंट आलं आणि पुढे त्यात ती यादीसुद्धा वाटून टाकली, म्हणजे प्रत्येकाकडे यादीचा एक छोटा तुकडा, आणि विचारत विचारत पुढे जायचं. आता बंद करायचं तर कुणाचं दार ठोठावणार?

पण इथेच लोक फसतात. सर्व्हर नाही म्हणजे प्रायव्हसी आपोआप आली असं अजिबात नाही, उलट थेट कनेक्शन म्हणजे समोरच्याला तुमचा आयपी ॲड्रेस (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा पत्ता) सरळ दिसतो. टोरंटमध्ये तीच फाइल घेणाऱ्या इतरांना तो दिसतो. टॉक्स नावाचं मेसेंजर आहे, त्यातही तुमच्या यादीतल्या माणसांना तो कळू शकतो. म्हणून थेट जोडणीच्या वर आणखी एक पडदा लागतो, आणि तो म्हणजे टॉर. तुमचा ट्रॅफिक साधारणपणे तीन रिलेमधून (ट्रॅफिक पुढे सरकवणाऱ्या कॉम्प्युटरमधून) जातो, पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं पण शेवटी कुठे चाललंय ते कळत नाही, शेवटच्याचं बरोबर उलटं, आणि मधला तर दोन्हीबाबत कोराच. (टॉरही शंभर टक्के विकेंद्रित नाही बरं का, रिलेची अधिकृत यादी मोजके विश्वासातले सर्व्हर मिळून ठरवतात, पण रिले मात्र जगभरातले स्वयंसेवक चालवतात.)

हे सगळं एकत्र असलेलं आणि सामान्य माणसाला झेपेल असं ॲप म्हणजे माझ्या मते ब्रायर. नेट असेल तर टॉरवरून, नसेल तर ब्लूटूथ किंवा वायफायवरून. फोन नंबर लागत नाही, ईमेल लागत नाही. फोन ॲन्ड्रॉइड लागतो, आयफोनवाल्यांसाठी ब्रायर नाहीये, हे आधीच सांगतो म्हणजे पुढे चिडायला नको. आणि काही देशांत असली ॲप ब्लॉक केलेली असतात, तुमच्याकडे नियम काय आहे ते टाकायच्या आधी बघून घ्या.

ॲप प्ले स्टोअर किंवा एफ-ड्रॉइडवरून (हे ओपन-सोर्स ॲपचं दुकान) घ्या, कुणीतरी ग्रुपवर टाकलेल्या फाइलवरून नको. उघडल्यावर टोपणनाव आणि पासवर्ड मागेल. हा पासवर्ड नीट ठरवा, तो फक्त तुमच्या फोनपुरता आहे, कुठल्याही सर्व्हरवर नाही, त्यामुळे विसरलात तर परत मिळवायची सोयच नाही. मग बॅकग्राउंडला चालायची परवानगी मागेल ती द्या. काही फोन बॅटरी वाचवायच्या नादात दहा मिनिटांत ॲप मारून टाकतात, आणि मेसेज का येत नाहीत म्हणून माणूस टॉरला शिव्या घालत बसतो. मी दोन दिवस हेच केलंय.

माणूस जोडायचे दोन रस्ते. समोरासमोर असाल तर दोघांनी एकमेकांचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, हाच सगळ्यात भरवशाचा, कारण समोर कोण आहे ते तुम्ही डोळ्यांनी बघताय. लांब असाल तर दोघांनी आपापली लिंक एकमेकांना पाठवायची आणि दोघांनीही ती टाकायची, एकानेच टाकून चालत नाही. आता ती लिंक तुम्ही ज्या ॲपवरून पाठवाल तिथे ‘हे दोघं ब्रायरवर बोलणारेत’ याचा माग राहतोच, म्हणून जमेल तेव्हा भेटूनच जोडा.

आता रंगीत तालीम, ही कुणी करत नाही आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग फक्त ब्लूटूथ चालू करा, ब्रायरच्या सेटिंगमध्येही ब्लूटूथचं बटण चालू आहे ना बघा. थोडं थांबा, लगेच नाही होत. समोरच्याच्या नावाजवळचा गोळा हिरवा झाला की मेसेज टाका, दोन टिक आल्या म्हणजे पोचला. मग एकाने फोन घेऊन चालायला लागायचं. साधारण १० मीटरपर्यंत धरून चाला, मधे भिंत आली की त्याहून कमी. नंतर ब्लूटूथ बंद करून दोघं एकाच राउटरच्या वायफायवर या, राउटरची इंटरनेटची वायर काढून. तरी मेसेज जातो! नेट गेलं म्हणून राउटर बंद करू नका ते यासाठी.

टॉर ब्लॉक असेल तर सेटिंगमध्ये ब्रिजचा पर्याय आहे. ब्रिज म्हणजे जाहीर यादीत नसलेले रिले, त्यामुळे ते शोधून ब्लॉक करणं अवघड जातं.

आता तोटे. ब्रायर काही मेसेज तिसऱ्याच्या खिशात ठेवून पुढे पाठवत नाही, खाजगी मेसेज फक्त दोन फोन एकमेकांना भेटले तरच जातो, त्यामुळे दोघं एकाच वेळी ऑनलाइन हवेत. तुम्ही रात्री जागे आणि तो सकाळी, तर मेसेज लटकलेलाच. त्यावर तोड म्हणजे ब्रायर मेलबॉक्स नावाचं वेगळं ॲप, घरात पडलेल्या जुन्या ॲन्ड्रॉइड फोनवर टाकायचं, क्यूआरने जोडायचं आणि तो फोन चार्जरला आणि वायफायला लावून ठेवून द्यायचा. तुम्ही नसताना आलेलं तो सांभाळतो. मधला सर्व्हर परत आलाच म्हणा, पण तुमच्याच कपाटात. ब्रायरमधलं फोरम (अनेकांनी मिळून चर्चा करायची जागा) मात्र वेगळं चालतं, त्यातली पोस्ट एका सदस्याकडून दुसऱ्याकडे, त्याच्याकडून तिसऱ्याकडे अशी चालत्या माणसांबरोबर पसरते, नेट अजिबात नसताना हेच जास्त कामाचं. पण फोरममधून पोस्ट परत काढता येत नाही, लिहिताना एवढं ध्यानात असू द्या.

ब्लूटूथवर मेश करणारी, म्हणजे फोनमागून फोन असा निरोप पुढे सरकवणारी, इतरही ॲप आहेत, पण जपून. ब्रिजफाय हाँगकाँगच्या आंदोलनात २०१९ ला खूप गाजलं, आणि २०२० मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की त्यातले मेसेज वाचता येतात आणि माणसांचा मागही काढता येतो. बिटचॅट २०२५ मध्ये आलं तेव्हा बाहेरच्या कुणाकडून सिक्युरिटी तपासणी झालेली नाही असं त्याच्या कर्त्यानेच लिहून ठेवलं होतं. नेट नसताना चालतं आणि सुरक्षित आहे या दोन वेगळ्या गोष्टी.

आणि तुमचा फोनच कुणाच्या हाती उघडा लागला तर वरचं सगळं पाण्यात, म्हणून ब्रायरचं स्क्रीन लॉक लावा आणि नाजूक बोलणं असेल तिथे सात दिवसांनी मेसेज गायब होण्याचा पर्याय चालू करा. नेट नसताना नवा माणूस आला तर? ब्रायरमध्येच ॲप ऑफलाइन शेअर करायची सोय आहे, तुमचा फोन हॉटस्पॉट होतो आणि त्याचा फोन तिथून इन्स्टॉल फाइल उतरवून घेतो. हेसुद्धा एकदा तालमीत करून बघा, अनोळखी सोर्सची (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकू द्यायची) परवानगी कुठल्या मेनूत लपलीये ते शोधण्यातच आमची पंधरा मिनिटं गेली होती.