पाला कढईत कधी टाकायचा?

खानदेशी स्वयंपाक म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे काळा मसाला आणि तेलाचा तवंग येतो. पण नवशिक्याने सुरुवात भरीतापासून करावी, असं माझं मत आहे. त्यात मसाल्याचा डबा उघडावाच लागत नाही. सगळी मदार हिरव्या मिरचीवर, लसणावर आणि पाल्यावर. त्यामुळे पाला चुकला की लगेच कळतं.

वांगी जळगावकडची, हिरवट, भरीताचीच घ्या (2016 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय). शेतात ती काड्यांच्या जाळावर भाजतात. घरी गॅस चालतो, धुरकट वास तेवढा कमी येतो. कांद्याची पात धुऊन निथळू द्या. ओली पात तेलात पडली की परतली जात नाही, शिजते. मग पातीचे दोन भाग करा. पांढरा भाग मिरची-लसणाबरोबर तेलात, हिरवा भाग ठेचलेलं वांगं घातल्यावर. कोथिंबिरीचंही तसंच. कोवळे देठ बारीक चिरून आधी, पानं अगदी शेवटी. आमच्या शेजारच्या मावशी एवढंच सांगायच्या, "आच बंद कर, मंग कोथमीर टाकजो." कोथिंबिरीचा वास हलक्या तेलाचा, उकळीबरोबर उडून जातो. कढीपत्त्याचं उलट आहे: तो तडतडत्या तेलातच खुलतो. वरून कच्चा टाकलेला कढीपत्ता लोक काढून ताटाच्या कडेला ठेवतात, आणि बरोबरच करतात.

पुदिना मात्र शिजवूच नका. चटणीत वाटा, नाहीतर ताकात चुरा.

जुडी आणली की लगेच धुऊ नका. पिवळी पानं निवडा, मुळं कापा, कोरड्या सुती कपड्यात गुंडाळून डब्यात घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. धुवायची ती वापरायच्या वेळी. सुरीला धार हवी. बोथट सुरीने पानं चिरडतात, काळी पडतात आणि रस पाटावरच राहतो.

कुंडीत लावायची हौस असेल तर धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करा आणि पेरा. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. दिवाळीनंतर पेरलेली कोथिंबीर छान येते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 42-43 च्या पुढे जातो, तेव्हा ती पानं धरण्याआधीच फुलावर येते, म्हणून त्या दिवसांत बाजारातूनच आणा. पुदिन्याच्या विकतच्या जुडीतली जाड काडी पाण्यात ठेवली तरी मुळं फुटतात. पण त्याला कुंडी वेगळी द्या, शेजाऱ्याला जगू देत नाही. आणि काहीच जगत नसेल तर पानओव्याची फांदी खोचा. पाणी विसरलात तरी टिकते, आणि तिच्या जाड पानांची बेसनात बुडवून भजी होतात.