पाळीव प्राण्यांचे फोटो काढायचेत? आधी जमिनीवर बसा

पैसे घेऊन केलेलं माझं पहिलं शूट एका काळ्या लॅब्राडॉरचं होतं. तासाभरात सहाशे फोटो काढले. घरी येऊन बघतो तर बहुतेकांत एक काळा गोळा आणि त्यातून लोंबणारी गुलाबी जीभ. डोळे कुठे आहेत तेच कळेना. कसेबसे चार फोटो दिले आणि अर्धे पैसे परत केले.

वेळ दुपारची, मागे उन्हात चकाकणारी पांढरी भिंत. कॅमेऱ्याने उजेड मोजला तो भिंतीच्या हिशेबाने, त्यात कुत्रा बुडाला. काळ्या कुत्र्याला सावली नाहीतर ढगाळ दिवस हवा, आणि तोंड उजेडाकडे, म्हणजे डोळ्यांत चमक येते. उलट, अख्खी फ्रेम काळ्या केसांनी भरली की कॅमेरा फोटो उजळवतो आणि काळ्याचं राखाडी होतं. तेव्हा एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सेटिंग, थोडं उणे करायचं. पांढऱ्या मांजरासाठी उलट, म्हणजे अधिक.

बाकी सेटिंगचा फार बाऊ करू नका. बसलेल्या कुत्र्याला 1/250 सेकंदाचा शटर स्पीड पुरतो, पळणाऱ्याला निदान 1/1000 लागतो. एफ/1.8 वर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडून, लांब नाकाच्या कुत्र्याचं जवळून चित्र घेतलंत तर एकतर नाक शार्प येईल नाहीतर डोळे. एफ/4 वर या. फ्लॅश नकोच. डोळ्यांच्या मागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे हिरवट दिवे लागल्यासारखं दिसतं.

खरं काम कॅमेरा बॅगेत असताना होतं. पहिली पंधरावीस मिनिटं मी नुसता जमिनीवर बसतो, अंग जरा तिरकं ठेवून. कुत्रा येतो, हुंगतो, जातो. समोरून रोखलेली लेन्स त्याला वटारलेल्या डोळ्यासारखी वाटू शकते. तो सारखे ओठ चाटत असेल, झोप नसताना जांभया देत असेल, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असेल, तर शूट थांबवा. मालक ‘अहो, काढा हो, काही करत नाही तो’ म्हणाले तरी थांबवा. मांजराला तर हाकच मारू नका. त्याच्या आवडत्या खिडकीपाशी बसून राहा, येईल.

शिवाय खाली बसलं की त्याचं जग दिसतं. छायाचित्रकार एलियट अरविट यांचा 1974 मधला न्यूयॉर्कचा फोटो बघा: टोपी घातलेलं चिमुकलं चिवावा कुत्रं, शेजारी बाईचे बूट आणि ग्रेट डेन या उंच कुत्र्याचे पाय. उभ्याने काढला असता तर त्यात काय उरलं असतं?

पिपाणीचं खेळणं जवळ असू द्या, पण आधी फोकस, मग आवाज. मान तिरकी होते ती जेमतेम सेकंदभर, आणि तिसऱ्या आवाजाला तो ढुंकूनही बघत नाही.

सरावासाठी प्राण्यांच्या निवाऱ्यात जा. तिथल्या जनावरांना घर मिळायला चांगला फोटो लागतोच. पैशांचं काम घेताना किती वेळ आणि किती फोटो, हे आधी लिहून द्या.

त्या लॅब्राडॉरकडे मी नंतर फुकट गेलो, सकाळी. पायरीवर बसलो. तो आला, मांडीवर पंजा ठेवला आणि ओलं नाक थेट लेन्सवर टेकवलं. पुढचे वीस फोटो धुक्यात. तेव्हापासून लेन्स पुसायचं फडकं बॅगेत नाही, खिशात असतं.