लीडरशिप कोचबरोबर काम सुरू करण्याआधी: प्रॉडक्ट मॅनेजरसाठी तयारीची यादी

बजेट मंजूर झालं, कोच ठरत आला, पहिल्या सेशनची तारीखही कॅलेंडरवर पडली, की बहुतेकांना वाटतं तयारी झाली. झालेली नसते. तिघांची बैठक राहिलेली असते. तिघं म्हणजे तुम्ही, तुमचा मॅनेजर आणि कोच. पाऊण तास पुरतो. खाली ही बैठक पुन्हा पुन्हा येईल, कारण बाकी सगळं नीट करूनही सहा महिने वाया जातात ते ही एक राहिली म्हणून.

कोच निवडताना प्रमाणपत्र बघा, पण तिथं अडकू नका. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या प्रमाणपत्रांच्या चढत्या तीन पातळ्या आहेत: एसीसीला किमान १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो, पीसीसीला ५०० आणि एमसीसीला २,५०० तासांचा. प्रमाणपत्र नसेल तर तास सरळ विचारा. मात्र प्रॉडक्टमध्ये काम केलेलाच कोच हवा, हा हट्ट सोडा. असा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या सेशनलाच तुमच्या रोडमॅपवर, म्हणजे प्रॉडक्टमध्ये पुढे काय आणि कधी करायचं या आराखड्यावर, सल्ला द्यायला लागण्याचा धोका असतो. तुम्हालाही ते आवडतं, कारण प्रायोरिटी कशी लावायची यावर बोलणं स्वतःच्या वागण्यावर बोलण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं. सल्ला हवा असेल तर मेंटर शोधा. कोचला तुमच्या कामातली एक गोष्ट कळली तरी पुरे: इंजिनिअर, डिझायनर, सेल्स यांतलं कुणीच तुम्हाला रिपोर्ट करत नाही, आणि निकालाचा जाब मात्र तुम्हालाच द्यावा लागतो. हे ज्याला कळत नाही तो 'टीमला कामं वाटून द्या' म्हणत बसतो.

दोन-तीन कोचशी अर्धा-अर्धा तास बोला. एखाद्या क्लायंटबरोबरचं काम मध्येच थांबवावं लागलं होतं का, आणि का, हे विचारा. मग विचारा: 'माझ्या मॅनेजरनं तुम्हाला फोन करून माझ्याबद्दल विचारलं, तर काय सांगाल?' इथं उत्तर गुळमुळीत आलं तर त्या कोचला नाही म्हणा. बाकी कितीही आवडला असला तरी.

आता तिघांची बैठक. ती पहिल्या सेशनच्या आधी व्हायला हवी. दोन सेशन झाल्यावर नव्हे, 'मॅनेजरला वेळ मिळेल तेव्हा' नव्हे. वेळ मिळत नसेल तर पहिलं सेशन पुढे ढकला. बैठकीत मॅनेजरला एकच प्रश्न नीट विचारायचा: सहा महिन्यांनी माझ्यात काय वेगळं दिसलं, तर हे काम झालं असं तुम्ही म्हणाल? 'स्टेकहोल्डर मॅनेजमेंट सुधारायला हवं' हे उत्तर घेऊन उठू नका. कुठल्या मीटिंगमध्ये, कुणासमोर, काय केलेलं दिसायला हवं, इथपर्यंत खेचा. 'रोडमॅप रिव्ह्यूत एखादं फीचर घेणार नसशील तर तिथंच सांग, कारणासकट. नंतर मेल करू नकोस' हे उत्तर कामाचं. ते ऐकू येतं आणि मोजता येतं.

त्याच बैठकीत अवघड प्रश्नही विचारून टाका. हे कोचिंग पुढच्या पदासाठी आहे, की माझ्या कामाबद्दल तक्रार आहे म्हणून? खरं कारण तक्रार असेल तर कोचला ते पहिल्या दिवशी कळायला हवं. नाहीतर मॅनेजरच्या मनात रखडलेल्या रिलीज असतात, कोच तुमच्या आत्मविश्वासावर काम करत असतो, आणि वर्षाच्या आढाव्यात 'काही फरक दिसला नाही' असं लिहून येतं. यात कुणीच खोटं बोललेलं नसतं. फक्त तिघं कधी एकत्र बसलेले नसतात.

बैठक संपली की त्याच दिवशी अर्ध्या पानाची मेल तिघांना. तीत चार गोष्टी हव्यात: काय बदलायचं आहे, ते कुणाला आणि कुठं दिसेल, कोच मॅनेजरला काय सांगेल, आणि काय अजिबात सांगणार नाही. साधारण चालणारी रीत अशी: कोच फक्त सेशन झाली की नाही एवढंच सांगतो, प्रगतीबद्दल तुम्ही स्वतः बोलता. एचआरला काय कळेल तेही लिहा. फेडरेशनच्या आचारसंहितेनुसार गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्या भेटीत किंवा त्याआधी क्लायंट आणि पैसे देणारी कंपनी, दोघांनाही समजावून सांगणं कोचचं काम आहे. तेव्हा हे मागायला संकोच कसला? लेखी नसेल तर चौथ्या सेशनला तुम्ही मॅनेजरबद्दल मोकळेपणानं बोलणार नाही. आणि बऱ्याचदा बोलायचं नेमकं त्याच्याबद्दलच असतं.

फी स्वतः भरत असाल तर मॅनेजरला बोलवायची सक्ती नाही. पण तुमचं काम रोज बघणारं कुणीतरी शोधा आणि वरचा प्रश्न त्याला विचारा. उत्तर तरीही लिहूनच घ्या.

पुढचं, प्रसंग. 'मला ठाम बोलता येत नाही' एवढंच घेऊन गेलात तर कोच अर्धा वेळ ते उकलण्यातच घालवेल. गेल्या सहा आठवड्यांतले तीन प्रसंग लिहून न्या. कोण काय म्हणालं ते शब्दशः लिहा. समजा, सेल्स हेडनं कॉलवर विचारलं, 'हे इंटिग्रेशन या क्वार्टरला होईल ना?' तुम्ही म्हणालात, 'बघू, टीमशी बोलतो.' इंजिनिअरिंग लीड त्याच कॉलवर होता आणि गप्प राहिला. तीन आठवड्यांनी ते इंटिग्रेशन ग्राहकाच्या करारात तारखेसकट आलं. एवढंच लिहा, मतं नकोत. 'बघू' या शब्दाचं समोरच्यानं काय केलं आणि तो तुम्ही का वापरला, यावर आख्खं सेशन जाऊ शकतं, आणि जावंच. तीनपैकी एक प्रसंग तुम्ही जिंकलेल्या वादाचा घ्या. त्यात समोरच्याचं काय झालं हे सहसा तुम्ही पाहिलेलंच नसतं.

३६० अंशांचा फीडबॅक, म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यांकडून तुमच्याबद्दलचं मत, घेणार असाल तर सहा ते आठ लोक पुरतात. इंजिनिअरिंग लीड, डिझायनर, सपोर्ट किंवा सेल्समधला कुणीतरी, आणि ज्याची मागणी तुम्ही अलीकडेच नाकारलीत असा एक माणूस. त्याला वगळू नका, त्याच्याकडूनच कामाचं ऐकायला मिळतं. फॉर्मपेक्षा कोचनं वीस-वीस मिनिटं बोललेलं बरं. एका गटात तीनपेक्षा कमी लोक असतील तर त्या गटाची उत्तरं वेगळी दाखवायची नाहीत, आणि शब्द जसेच्या तसे द्यायचे नाहीत. छोट्या टीममध्ये वाक्यावरून माणूस लगेच ओळखू येतो. एकदा ओळखू आला की पुढच्या वेळी कुणी खरं बोलत नाही. हा अहवाल मॅनेजरला दिसणार का? तेही त्या अर्ध्या पानात. नसेल लिहिलं तर आज लिहा.

कंपनीची गुपितं सांभाळा. कोच उद्या तुमच्या स्पर्धक कंपनीतल्या कुणालाही कोच करू शकतो. गोपनीयतेचा करार कंपनीकडून करून घ्या, आणि तरीही महसुलाचे आकडे, न जाहीर झालेल्या फीचरची नावं सांगू नका. त्यांची गरजच पडत नाही. कॉलवर नोट्स घेणारी एआय साधनं बंद ठेवा. कंपनीच्या खात्यातून मीटिंग लावली असेल तर ट्रान्सक्रिप्ट कुठं साठतो आणि कोण बघू शकतं, ते आधी तपासा.

वेळापत्रक. दोन किंवा तीन आठवड्यांतून एक सेशन, साठ ते नव्वद मिनिटं, एकूण आठ-दहा. यापेक्षा दाट ठेवलंत तर मध्ये काही करून बघायला वेळ राहत नाही. रिलीजच्या दिवशी किंवा क्वार्टरली प्लॅनिंगच्या आठवड्यात सेशन नको, तुम्ही ते रद्द करणारच. रद्द करण्याची मुदत २४ तासांची आहे की ४८, ते करारात बघा. मोठ्या रिव्ह्यूच्या तीन-चार दिवस आधीचं सेशन मात्र सोन्यासारखं: तयारीला वेळ असतो आणि लगेच वापरून बघता येतं. आधी दहा मिनिटं मोकळी ठेवा, नंतर वीस. नंतरची वीस जास्त महत्त्वाची. तेव्हा लिहिलं नाही तर पुढच्या स्टँडअपपर्यंत सगळं विसरलेलं असतं.

प्रत्येक सेशनमधून एकच गोष्ट उचला: एक वागणूक, एक नाव घेऊन ठरवलेली मीटिंग, आणि तिथं लक्ष ठेवणारा एक माणूस. मीटिंग संपताच त्याला दोन मिनिटं विचारा. तीन गोष्टी उचलल्यात तर एकही होणार नाही. आणि बॅकलॉग, म्हणजे प्रॉडक्टच्या बाकी कामांची यादी, सेशनमध्ये नेऊ नका.

चौथ्या सेशनच्या आसपास तिघांची बैठक पुन्हा. अर्धा तास, तीच मेल समोर ठेवून. मध्येच मॅनेजर बदलला तर नव्या मॅनेजरबरोबर पहिल्यापासून. प्रॉडक्टमध्ये टीमची फेररचना सतत होते, आणि नव्या माणसाला तुमच्या जुन्या उद्दिष्टाशी काहीच देणंघेणं नसतं. 'कोचला सगळं माहीत आहे' म्हणून ही टाळू नका. कोचला नवा मॅनेजर माहीत नाही.

चार सेशननंतरही काहीच हलत नसेल तर कोचला तसं सांगा, तरीही नाही हललं तर बदला. शेवटच्या सेशनआधी त्याच सहा-आठ लोकांना दोन प्रश्न: काय बदललं, काय नाही. मग तिघांची शेवटची बैठक. तिची तारीख आजच, पहिल्या बैठकीबरोबरच, कॅलेंडरवर टाका.