विमानातली मोजमापं आणि मॉडेल : या चुका टाळा

विमानातून मोजलेलं प्रदूषण आणि हवेच्या रसायनाचं गणित करणाऱ्या संगणकी मॉडेलचे आकडे एका आलेखावर आले, की नवशिक्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॉडेलमधलं उत्सर्जन किती वाढवू?" अरे, दोन्ही आकडे एकाच हवेबद्दल बोलताहेत का, ते तरी आधी बघा.

सगळ्यात महागात पडलेली चूक माझीच आहे. एका मोहिमेतलं सल्फेट तपासत होतो. जमिनीलगत मॉडेल छान जुळायचं, पण वर जावं तसं कमी पडायचं. ५ किलोमीटरवर तर ४० टक्क्यांहून जास्त. मी निदान करून मोकळा: मॉडेलमधला पाऊस एरोसॉल, म्हणजे हवेतले सूक्ष्म कण, फारच धुऊन काढतोय. धुण्याचा वेग घटवला आणि रेघ रेघेवर बसली! तीन आठवडे त्या खुशीत गेले. मग एका सहकाऱ्याने सहज विचारलं, "काजळी पण तेवढीच कमी पडत होती का रे?" होती. सेंद्रिय एरोसॉलसुद्धा. विरघळणारं, न विरघळणारं, सगळं एकाच प्रमाणात कमी. पाऊस इतका समदर्शी नसतो.

डेटा-फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत एक ओळ होती, मी न वाचलेली. मोजमापं प्रमाण स्थितीला, म्हणजे २७३ केल्विन आणि १०१३ हेक्टोपास्कलला बदलून दिलेली होती. मॉडेलचे मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर मात्र तिथल्या विरळ हवेतले. ५ किलोमीटरवर दाब साधारण ५४० हेक्टोपास्कल, तापमान २५६ केल्विन. गुणोत्तर काढून बघा, ०.५७ येतं. पावसाच्या माथी मारलेली तूट ती हीच. तेव्हापासून फाइलची ती पहिली पानं मी छापून घेतो आणि पेन हातात धरून वाचतो. हसणारे हसतात.

दुसरी चूक रोज दिसते: महिन्याच्या सरासरी मॉडेलशी एका दुपारच्या उड्डाणाची तुलना. मॉडेलमधून विमानाच्या वाटेवरचे, त्याच वेळेचे आकडे काढा. जिऑस-केम या मॉडेलमध्ये त्याची आयती सोय आहे, तरी लोकांना कंटाळा! विमान सेकंदाला सुमारे २०० मीटर जातं; मॉडेलच्या जाळीतली ५० किलोमीटरची एक चौकट ओलांडायला त्याला चार मिनिटं लागतात. म्हणजे सेकंदाला एक नोंद धरली, तर अडीचशे नोंदींसमोर मॉडेलचा आकडा एकच. ते अडीचशे ठिपके स्वतंत्र धरून "नमुने बारा हजार" असं लिहिणाऱ्यांचं मला नवल वाटतं. नोंदींची आधी चौकटीनुसार सरासरी घ्या. वणव्याच्या धुराचा लोट काही किलोमीटर रुंद असतो, मॉडेल तो अख्ख्या चौकटीत पसरवतं. म्हणून असे लोट वेगळे काढा. मी ॲसिटोनायट्राइल (जळणाच्या धुराची खूण) २०० पीपीटीच्या, म्हणजे लाख कोटीत २०० भागांच्या, वर गेलं की ती नोंद बाजूला ठेवतो. ओझोन आणि कार्बन मोनॉक्साइडचं गुणोत्तर १.२५ च्या पुढे गेलं, तर ती स्थितांबरातली हवा समजतो. उरलेल्याची सरासरी नाही, मध्यक बघतो.

किरकोळ, पण रोजच्या: वेळ यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) की स्थानिक, ते न बघणं. उंचीवर विसंबणं, दाब वापरा, जीपीएसची उंची आणि दाबावरून काढलेली उंची एक नसते. उणे ९९९९, म्हणजे 'नोंद नाही' ही खूण, सरासरीत मिसळणं (हसू नका, छापायला निघालेल्या आलेखात पाहिलंय). उणे ८८८८ म्हणजे उपकरणाच्या मर्यादेखाली. त्या नोंदी सरसकट वगळल्या की उरलेली सरासरी फुगते. एरोसॉल मास स्पेक्ट्रोमीटर साधारण १ मायक्रॉनपर्यंतचे कण बघतो, आणि धूळ-समुद्री मीठ जवळपास सोडूनच देतो. मॉडेलचं सगळं पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे सगळे कण) त्याच्यासमोर ठेवू नका. फाइलच्या नावात 'आर' नंतर आकड्याऐवजी अक्षर असेल, तर तो डेटा अजून कच्चा आहे.

आणि मोजमाप म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. १० किलोमीटरवरच्या नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये मॉडेल कमी पडलं, तर लगेच विजांच्या नायट्रोजन ऑक्साइडला हात घालू नका. मिथाइल पेरॉक्सी नायट्रेटसारखी संयुगं बाहेरच्या थंडीत टिकतात आणि उपकरणाच्या उबदार नळीत फुटतात. त्यातून निघालेला नायट्रोजन डायऑक्साइडही मोजला जातो. अशा वेळी मी मॉडेल मिटून ठेवतो आणि ज्यांनी उपकरण चालवलं त्यांना पत्र लिहितो: नळी किती गरम होती, हवा आत किती वेळ राहिली? उत्तर बहुधा दोन दिवसांत येतं.