‘संशोधनातून सिद्ध झालंय’ असं कुणी म्हटलं की

गेल्या श्रावणात आमच्या घरच्या ग्रूपवर थोरल्या जाऊबाईंनी एक मेसेज टाकला. पुतणसुनेला तेव्हा पाचवा महिना होता. रोज २० मिनिटं विशिष्ट संगीत पोटाशी लावून ऐकवलं की बाळाचा बुद्ध्यांक ९ गुणांनी वाढतो, हे म्हणे परदेशी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. खाली कोर्सची जाहिरात, फी २,९९९ रुपये. आणि त्याखाली जाऊबाईंचं स्वतःचं वाक्य : ‘तू एवढी वर्षं मेंदूचं शिकवलंस, खरं आहे का गं हे? उद्यापर्यंत पैसे भरले तर सवलत आहे.’

मी वैद्यकीय महाविद्यालयात २८ वर्षं फिजिऑलॉजी, म्हणजे शरीर आतून कसं चालतं ते, शिकवली. काजळी धरलेल्या ड्रमवर बेडकाच्या स्नायूचे आलेख काढायच्या काळापासून ते सगळं संगणकावर जाईपर्यंत. गर्भातल्या बाळाची तज्ज्ञ मी नव्हे. पण अशी बातमी तपासायला तज्ज्ञ लागत नाही. अर्धा तास, मोबाइल आणि थोडा खवचटपणा एवढं पुरतं. त्या दिवशी मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्हालाही करता येईल.

आधी मूळ पेपर गाठा

बातमी वाचत बसू नका, बातमी ज्यावरून निघाली तो शोधनिबंध, म्हणजे पेपर, शोधा. मेसेजात एखादं नाव, साल, विद्यापीठ किंवा आकडा सापडतोच. माझ्याकडे ‘संगीत’ आणि ‘९’ एवढंच होतं. पबमेड म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची फुकट शोधयादी आहे. तिथे विषयाचे दोन-तीन शब्द इंग्रजीत टाकले की पेपरांची नावं आणि बहुतेकांचा सारांश समोर येतो. संपूर्ण पेपर फुकट असेल तर तसं बाजूला लिहिलेलं असतं. पैसे मागितले तर लगेच भरू नका, त्यावरचा उपाय शेवटी सांगते.

शोधता शोधता मी जिथे पोचले तो पेपर १९९३चा निघाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या फ्रान्सेस राउशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापलेला, जेमतेम एका पानाचा. त्यांनी कॉलेजातल्या ३६ विद्यार्थ्यांना तीन प्रकारे बसवलं : १० मिनिटं मोझार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराची दोन पियानोंची रचना ऐकत, १० मिनिटं मन सैल सोडायच्या सूचना ऐकत, आणि १० मिनिटं नुसतं शांत. प्रत्येक वेळी नंतर कोडी दिली. कागदाच्या घड्या घालून कापला तर उलगडल्यावर कसा दिसेल, अशा धर्तीची. मोझार्टनंतर कोडी थोडी बरी सुटली. तो फरक बुद्ध्यांकाच्या मापात मांडला तर ८-९ गुणांचा भरत होता. आणि त्याच पानावर हेही लिहिलंय, की हा परिणाम १०-१५ मिनिटांपलीकडे टिकला नाही.

आता आमच्या ग्रूपवरचा मेसेज पुन्हा वाचा. मूळ पेपरात गर्भ नाही, गरोदर बाई नाही, लहान मूल नाही. वीस वर्षांची पोरं, घड्यांची कोडी आणि पाव तासाचा परिणाम. एवढ्यावरून जन्मभराची बुद्धी विकायला काढली. हे उद्योग फक्त आपल्याकडे होतात असं नाही. १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला अशा संगीताची सीडी किंवा कॅसेट द्यायची म्हणून अर्थसंकल्पात १,०५,००० डॉलर मागितले होते. आमच्याकडे अभिमन्यू आधीच होता, त्यामुळे विक्री सोपी झाली इतकंच.

एका पेपरवर थांबायचं नाही. त्यानंतर इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला का, हे शोधायचं. १९९९मध्ये कॅनडातल्या नॅन्टेस आणि शेलेनबर्ग यांनी मोझार्टच्या जागी स्टीफन किंग या लेखकाची गोष्ट ऐकवून पाहिली. ज्यांना गोष्ट आवडली त्यांची कोडी गोष्टीनंतर बरी सुटली, ज्यांना संगीत आवडलं त्यांची संगीतानंतर. म्हणजे मोझार्टची जादू नव्हतीच. आवडतं काही ऐकलं की माणूस थोडा तरतरीत होतो, हे माझ्या आजीलाही माहीत होतं. पुढे २०१०मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी जवळपास ४० अभ्यास एकत्र करून पाहिले. मोझार्टच्या संगीताचा असा खास काही परिणाम त्यांना दिसला नाही.

कुणावर, किती जणांवर, आणि तुलनेला कोण?

हा प्रश्न मी स्वतः पोळून शिकले. एम.डी.चा माझा थीसिस प्राणायाम आणि रिॲक्शन टाइमवर होता. त्या काळी प्रत्येक फिजिऑलॉजी विभागात असा एक थीसिस व्हायचाच. हॉस्टेलमधली पोरं पकडली, रोज सकाळी सहाला अनुलोम-विलोम, नंतर माझ्या खर्चानं पोहे-चहा, असे सहा आठवडे. सुरुवातीला आणि शेवटी यंत्रासमोर बसवायचं. दिवा लागला की बटण दाबायचं, किती मिलिसेकंद लागले ते लिहायचं. शेवटी वेळ छान कमी झाली. मी हवेत.

व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, “डॉक्टर, ही पोरं सहा आठवडे नुसती झोपली असती आणि मग तेच बटण परत दाबलं असतं, तर?”

मला उत्तर देता आलं नाही. कारण तेच बटण दुसऱ्यांदा दाबताना माणूस तसाही चपळ होतो, सरावानं. प्राणायाम न करणारा दुसरा गट मी घेतलाच नव्हता. मग त्यांनी दुसरं विचारलं, “सुरुवात किती जणांनी केली?” सुरुवात ३८ जणांनी केली होती, थीसिसमध्ये ३०. आठ जण थंडी पडल्यावर यायचे बंद झाले होते आणि मी त्यांना मुकाट वगळलं होतं. जे टिकले ते मुळात शिस्तीचे, पहाटे उठणारे, झोप पुरी करणारे. माझ्या गाइडनी सही केली होती, मला डिग्रीही मिळाली. तो थीसिस कुठल्या तरी ग्रंथालयाच्या फडताळात असेल आणि त्याचा आधार घेऊन कुणी ‘संशोधनातून सिद्ध झालंय’ म्हणतही असेल.

म्हणून सारांशात तीन आकडे हुडका : सुरुवातीला किती जण, शेवटी किती, आणि तुलनेच्या गटात किती. तुलनेचा गट नसेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. गट असेल तर कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं का, ते बघा. ज्याला हवं त्यानं औषध घ्या, असं असेल तर काळजी घेणारे सगळे औषधाच्या बाजूला जाऊन बसतात.

माणसं की उंदीर, हेही बघाच. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाच्या मायकेन नेडरगार्ड यांच्या गटानं २०१३मध्ये दाखवलं, की झोपेत मेंदूतल्या पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी रुंदावते आणि साचलेला कचरा लवकर वाहून जातो. काम सुंदर आहे, मी वर्गात आवडीनं सांगायचे. पण ते उंदरांवरचं आहे. फॉरवर्ड होता होता त्यातला उंदीर पहिल्याच मुक्कामाला गळतो.

रंगीत मेंदू दिसला की हात आखडा

बातमीबरोबर मेंदूचं चित्र असलं आणि त्यात लाल-पिवळा ठिपका असला की वाचणाऱ्याची विकेट पडते. तेव्हा माशाची गोष्ट आठवा. २००९मध्ये अमेरिकेत क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक अख्खा सामन मासा एमआरआय यंत्रात ठेवला. मेलेला. त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली आणि रीतसर विचारलं, या माणसाला काय वाटत असेल ते सांग. नेहमीच्या पद्धतीनं हिशेब केला, तर माशाच्या मेंदूत ठिपका ‘सक्रिय’ दिसला! २०१२ साली त्यांना इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात.

झालं काय होतं? हे यंत्र विचारांचा फोटो काढत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनमधला बारीक फरक ते मोजतं. त्यासाठी मेंदूचे हजारो, कधी लाखाच्या घरात चौकोनी तुकडे पाडतात आणि प्रत्येकाची वेगळी तपासणी होते. गावातल्या हजार पोरांनी डोळे मिटून दगड मारले तर एखादा कैरीला लागणारच. त्यावरून त्या पोराला नेमबाज म्हणायचं का? इतक्या तपासण्या केल्या की हिशेबात दुरुस्ती करावी लागते, आणि ती केल्यावर माशाचे ठिपके पुसले गेले. ते रंगही मेंदूतले नसतात, संगणकावर चढवलेले असतात. तेव्हा चित्र हातानं झाकून मजकूर वाचायचा.

टक्के आणि बाटल्या

‘धोका ५० टक्क्यांनी घटला’ असं वाचलं की विचारायचं, कितीवरून कितीवर? समजा एखादा आजार हजारात दोघांना होत होता आणि आता एकाला होतो. तेही ५० टक्केच. पण हजार जणांनी गोळ्या खाल्ल्या तेव्हा एक वाचला.

बाटलीचं उदाहरण शेजारच्या घरातलं. दहावीतल्या मुलासाठी स्मरणशक्तीचं ब्राह्मीचं सिरप आलं, परीक्षेला पंधरा दिवस राहिले असताना. मी विचारलं, कुठली ब्राह्मी? कारण या नावानं दोन वनस्पती विकल्या जातात. एक बारीक मांसल पानांची, बॅकोपा. दुसरी गोल पानांची, जिला मंडूकपर्णीही म्हणतात. स्मरणशक्तीच्या ज्या चाचण्यांचे दाखले दिले जातात त्या मुख्यतः पहिलीवरच्या, आणि त्यातल्या बऱ्याच बारा आठवडे रोज औषध देऊन केलेल्या. पंधरा दिवसांच्या बाटलीला तो दाखला चालत नाही. बाटलीवर ‘क्लिनिकली प्रूव्हन’ असलं तर सीटीआरआयवर शोधा. भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची ही सरकारी नोंदवही २००७पासून आहे आणि १५ जून २००९पासून चाचणीची नोंद सक्तीची झाली. कुणावर, किती दिवस, काय मोजणार आणि पैसा कुणाचा, हे तिथे चाचणीच्या नोंदीत दिसतं. सुरुवातीला मोजायचं ठरलं होतं एक आणि जाहिरातीत दुसरंच मिरवत असतील, तर काय समजायचं ते समजा.

छापून आलं म्हणजे खरं, असंही नाही. आमच्या पेशात बढतीसाठी पेपर लागतात, म्हणून पेपर छापणारी दुकानंही निघाली. मला आजही आठवड्याला दोन-तीन आमंत्रणं येतात : ‘आदरणीय महोदय, आपल्या विद्वत्तेनं आम्ही भारावलो आहोत.’ एकदा तर दंतशास्त्राच्या नियतकालिकानं बोलावलं. नामांकित नियतकालिकंही चुकतात, पण निदान कधी तरी परत घेतात. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा १९९८चा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला पेपर अवघ्या १२ मुलांवरचा होता. तो मागे घ्यायला २०१० उजाडलं. पबमेडवर असा पेपर उघडला की वरच तो मागे घेतल्याची सूचना दिसते. तेवढी बघायला विसरू नका.

घरात कसं सांगायचं

हे सगळं शोधायला मला पाऊण तास लागला. जाऊबाईंना सांगायला त्याहून जास्त. ‘खोटं आहे’ म्हणून ग्रूपवर टाकलं असतं तर त्यांनी कोर्स नक्कीच घेतला असता. म्हणून फोन केला. म्हटलं, “वहिनी, तो प्रयोग कॉलेजच्या पोरांवरचा आहे. आपलं बाळ अजून कॉलेजात गेलेलं नाही.” त्या हसल्या, तिथे अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांना खरं काही तरी द्यावं लागतं. नुसतं हिसकावून घेऊन भागत नाही. ते आहेही : १९८६मध्ये अमेरिकेत डीकॅस्पर आणि स्पेन्स यांनी गरोदर बायकांना शेवटच्या सहा आठवड्यांत एकच गोष्ट रोज मोठ्यानं वाचायला लावली. जन्मल्यावर काही दिवसांतच त्या बाळांनी नव्या गोष्टीपेक्षा तीच ओळखीची गोष्ट पसंत केली. चोखणीवरची त्यांची चोखण्याची लय मोजून हे कळलं. म्हणजे पोटात ऐकू येतं आणि ओळखही राहते. बुद्धी वाढते असं त्यात कुठेच नाही. “मग काय करायचं?” जाऊबाई. मी म्हटलं, पोटाला हेडफोन बांधायचे नाहीत, आईचा आवाज फुकटात आत जातो. तिला किशोरीताईंचा भूप आवडतो तर तो लावा, बातम्या आवडत असतील तर त्या. २,९९९ रुपयांची तिला मऊ सुती गाउनं आणा.

राहिला पैसे मागणारा पेपर. सारांशाच्या पानावर बहुतेक वेळा एखाद्या लेखकाचा ईमेल असतो. तीन ओळी लिहायच्या : मी अमुक, तुमचा अमुक पेपर वाचायचा आहे, प्रत पाठवाल का? संकोच करू नका. पेपरच्या विक्रीतून लेखकाला सहसा छदामही मिळत नाही. आपलं लिखाण कुणी तरी मागतंय याचंच त्यांना इतकं अप्रूप असतं, की एकानं मला दोन दिवसांत पेपर तर पाठवलाच, शिवाय त्याच विषयावरचे आणखी चार जोडले, मी न मागता.