माथेरानला एक मुक्काम: दस्तुरी नाक्यापासून लॉजच्या दारापर्यंत

माथेरानचं लॉज ठरवताना लोक खोलीचे फोटो बघतात, भाडं विचारतात आणि पैसे भरून मोकळे होतात. त्याआधी बघायला हवं ते दस्तुरी नाक्यापासूनचं अंतर. दस्तुरीच्या पुढे खाजगी गाडी जात नाही. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर, आणि लॉज बाजारपेठेच्याही पलीकडे शार्लोट तलावाच्या बाजूला असेल तर त्यात आणखी दीड-दोनची भर. हे अंतर सामानासकट, कधी लहान मुलांसकट, कधी धो धो पावसात पार करायचं असतं. ते कसं करायचं हे घरूनच ठरलं की पुढचं सगळं सोपं जातं.

लॉज नक्की करण्याआधी फोनवर चार-पाच गोष्टी स्पष्ट विचारा. दस्तुरीहून चालत किती मिनिटं लागतात? किलोमीटर विचारू नका, ते प्रत्येकजण सोयीनं सांगतो. सामान आणायला लॉजचा माणूस येतो की हमाल आपण करायचा? गरम पाणी दिवसभर आहे की सकाळी ठरावीक वेळातच? खूप ठिकाणी सकाळीच दोन-तीन तास मिळतं, त्यामुळे दुपारी धुळीनं माखून आल्यावर गार पाण्यानंच अंघोळ करावी लागते. वीज गेली तर जनरेटर आहे का, आणि तो पंख्यापुरता आहे की गिझरही चालतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं, खोली किती वाजता ताब्यात मिळणार आणि किती वाजता सोडायची. माथेरानात सकाळी दहाला, काही ठिकाणी त्याहूनही लवकर खोली रिकामी करायला सांगतात. हे माहीत नसलं की दुसऱ्या दिवशीचा सूर्योदय आणि नाश्ता दोन्ही धावपळीत जातात. चेकआउटनंतर सामान ऑफिसात ठेवू देतात का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

जेवणाचं दोन प्रकारचं चालतं. काही लॉज नुसती खोली देतात, काही ठिकाणी नाश्ता आणि दोन्ही जेवणं भाड्यातच धरलेली असतात. बाजारपेठेपासून लांब राहणार असाल तर जेवणासकटच घ्या. रात्री साडेआठला पोळी-भाजीसाठी अंधारातून दीड किलोमीटर जाणं आणि परत येणं कुणालाच आवडत नाही. बाजाराजवळ राहणार असाल तर उलट नुसती खोली घेतलेली बरी, कारण खानावळी हाकेच्या अंतरावर असतात. एमटीडीसीचं निवासस्थान दस्तुरीच्या जवळ आहे. संध्याकाळी उशिरा पोचणाऱ्यांना आणि आजी-आजोबांना घेऊन येणाऱ्यांना ते सोयीचं, पण तिथून बाजार आणि दक्षिणेकडचे पॉइंट लांब पडतात. बाजारभावाचं म्हणाल तर दिवाळी, मे महिना, डिसेंबरअखेर आणि लागून आलेल्या सुट्ट्या सोडून मंगळवार ते गुरुवार गेलात तर तीच खोली बऱ्याच कमी पैशात मिळते आणि शांतताही मिळते.

नेरळपर्यंत आणि नेरळच्या वर

मुंबईकडून येणाऱ्यांनी कर्जत किंवा खोपोली लोकल धरावी. सीएसएमटीहून नेरळला साधारण दोन तास लागतात. पुण्याकडून येताना बहुतेक एक्स्प्रेस गाड्या नेरळला थांबत नाहीत, म्हणून कर्जतला उतरून मुंबईकडे जाणारी लोकल घ्यायची. मध्ये एकच स्टेशन आहे, भिवपुरी रोड.

नेरळ स्टेशनबाहेर दस्तुरीसाठी शेअर टॅक्सी मिळतात. सीट भरल्या की गाडी सुटते. घाट चढायला अर्धा तास पुरतो. एकटे-दुकटे असाल तर शेअर, चार-पाच जण असाल तर अख्खी गाडी करून लगेच निघा; रविवारी सकाळी आठनंतर टॅक्सीची रांग वाढतच जाते. कर्जतहून एसटीची मिनी बसही आहे, फेऱ्या थोड्या असतात.

स्वतःची गाडी आणायची तर घाट आधी समजून घ्या. चढ तीव्र आहे, वळणं एकाला एक लागून आहेत आणि काही वळणांवर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी दम टाकते. वळणाच्या आधीच पहिला टाका. वळणात अडकल्यावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की क्लच प्लेट जळाल्याचा वास यायला वेळ लागत नाही. गाडीत माणसं पूर्ण भरलेली आणि एसी चालू असेल तर चढापुरता एसी बंद करा. सीएनजीवर ओढ कमी पडते, घाटापुरतं पेट्रोलवर घ्या. उतरताना ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवून खाली आलं की ब्रेक तापतात आणि नेमके शेवटच्या वळणांवर पकड सोडतात. दस्तुरीचं पार्किंग सुट्टीच्या दिवशी सकाळीच भरतं आणि मग गाड्या घाटात अडकून राहतात. शनिवार-रविवारी गाडी घेऊन येण्यात काही अर्थ नाही. नेरळला ठेवा आणि टॅक्सीनं वर या.

मिनी ट्रेन १९०७ पासूनची आहे. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून सुमारे २१ किलोमीटर चढायला तिला दोन तासांच्या वर लागतात. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्टेशनं करत ती थेट बाजारात पोचते. तिकिटं खिडकीवर घ्यायची, डबे मोजके, म्हणून गाडीच्या वेळेच्या बऱ्याच आधी रांगेत उभं राहावं लागतं. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद असतो, कारण पावसात दरडी येतात आणि रुळाखालची माती वाहून जाते. अमन लॉज ते माथेरान ही छोटी शटल मात्र पावसाळ्यातही चालते. अगदीच मुसळधार असेल तेव्हा तीही थांबवतात. निघायच्या आदल्या दिवशी मध्य रेल्वेचं चालू वेळापत्रक बघून घ्या, वेळा बदलत राहतात.

दस्तुरी नाका

इथे नगरपरिषदेचा प्रवासी कर भरायचा. पावती जपून ठेवा. सुट्टे पैसे जवळ असू द्या, कारण वर नेटवर्क कधी येतं कधी जातं आणि मोबाइलवरून पैसे पाठवणं अडकतं. एटीएम वर मोजकेच आहेत आणि सुट्टीत रिकामे होतात. एका मुक्कामाला लागतील तेवढी रोकड खालूनच आणा.

आता पुढचं अंतर. पर्याय चार. शटल: अमन लॉज स्टेशन नाक्यापासून जवळच आहे, गाडी पंधरा-वीस मिनिटांत बाजारात सोडते. ई-रिक्षा: संख्या थोडी, सुट्टीच्या दिवशी रांग लांब, पण गुडघे दुखणाऱ्यांसाठी हाच मार्ग चांगला. घोडा. आणि पायी, जो धडधाकट माणसानं निवडावा, कारण रुळाला समांतर जाणारी वाट जवळजवळ पूर्ण सावलीतून जाते, चढ सौम्य आहे आणि पाऊण तासात बाजार येतो.

घोडा आणि हमालाचे दर लिहिलेले फलक नाक्यावर लावलेले असतात. आधी फलक वाचा, मग बोला. घोडेवाल्याशी ठरवताना 'सात पॉइंट' किंवा 'बारा पॉइंट' असा मोघम सौदा करू नका. कोणते पॉइंट, प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबायचं आणि परत कुठे सोडणार, हे नावानिशी ठरवा. वाद होतो तो नेहमी इथेच. बसल्यावर रिकीब पावलाच्या पुढच्या भागाखाली राहील इतकाच पाय आत घाला, टाचेपर्यंत नाही. पडलात तर पाय अडकून फरफटत जाण्याचा धोका त्यानं टळतो. चढावर पुढे झुका, उतारावर मागे रेला. घोडा पळवायचा आग्रह करू नका, आणि लहान मुलाच्या घोड्याचा लगाम घोडेवाल्याच्याच हातात राहील हे बघा.

सामानाबद्दल एकच सांगणं: चाकांची बॅग आणू नका. काही भागात आता पेव्हर ब्लॉक बसवलेत, पण बाकी रस्ता तांबडी माती आणि सुट्या दगडांचा आहे. चाकांत खडे बसतात, आणि अर्ध्या वाटेत बॅग उचलून न्यावी लागते. पाठीवरची सॅक, माणशी सहा-सात किलोच्या आत. एका रात्रीला त्याहून जास्त काही लागतही नाही: एक जोड कपडे, जुने बूट, टॉर्च, दीड लिटर पाणी, नेहमीची औषधं, हिवाळ्यात स्वेटर आणि पावसाळ्यात छत्रीऐवजी रेनकोट. कड्यावरच्या वाऱ्यात छत्री उलटते. पांढरे कपडे अजिबात नको, तांबड्या मातीचा डाग निघत नाही.

एका दिवसात जमेल तेवढं

दिवसाची सहल असेल तर नेरळला साडेसातच्या आत उतरायला हवं. मग नऊ-सव्वानऊला बाजारात पोचता. पोटभर नाश्ता करून दक्षिण-पश्चिमेकडचा एकच फेरा करा: शार्लोट तलाव, लॉर्ड पॉइंट, एको पॉइंट, लुइझा पॉइंट. हे सगळे एका ओळीत येतात, वाट झाडीतून आहे आणि रमतगमत तीन-साडेतीन तास लागतात. तलावाजवळच पिसारनाथाचं देऊळ आहे, माथेरानचं ग्रामदैवत. शार्लोटचं पाणी गावच्या पिण्यासाठी आहे, त्यात उतरू नका. लुइझावरून समोर प्रबळगड आणि त्याच्या शेजारी कलावंतीण सुळका दिसतो. दीडपर्यंत जेवायला बाजारात, आणि पाय शिल्लक असतील तर पूर्वेकडच्या अलेक्झांडर पॉइंटला एक चक्कर.

दिवसाच्या सहलीत सूर्यास्त धरू नका. पॉर्क्युपाइन पॉइंटवरून सूर्य बुडताना बघायचा म्हणजे तिथून बाजार, बाजारातून दस्तुरी असा प्रवास अंधारात, आणि रविवार असेल तर नाक्यावर टॅक्सीला शे-दोनशे माणसं उभी. साडेपाचला दस्तुरीवर असाल असं बघा. सूर्यास्त आणि सूर्योदय हे मुक्काम करणाऱ्याचे, आणि त्यासाठीच मुक्काम करावा.

मुक्कामाच्या दिवशी सकाळची घाई नसते, पण दुपारी बारा ते तीन पॉइंट फिरू नका. धुरकट हवेत समोरचे डोंगर दिसतच नाहीत. ती वेळ जेवण आणि झोपेची. चारला निघून पॉर्क्युपाइन. दुसऱ्या दिवशी पहाटे अलेक्झांडर पॉइंट. तो पूर्वेला आहे आणि बाजारातून जवळ. पॅनोरामा पॉइंट सगळ्यात उत्तरेला, बाजारातून तास-सव्वातासाची चाल. सूर्योदयाला तिथे पोचायचं तर हिवाळ्यात साडेपाचला आणि मे महिन्यात साडेचारला निघावं लागतं, टॉर्च घेऊन, आणि एकट्यानं नाही. दस्तुरीजवळ राहणाऱ्यांना मात्र पॅनोरामा जवळ पडतो.

ऋतूप्रमाणे बेत बदला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा धुतलेली असते, दरीच्या तळापर्यंत दिसतं. मार्च-एप्रिलात अंजनीची झाडं निळ्या-जांभळ्या फुलांनी भरतात, मे महिन्यात जांभळं आणि करवंदं असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पॉइंटवर गेलात तर पुढे पांढरं धुकं आणि मागेही पांढरं धुकं. तेव्हा पॉइंटची यादी बाजूला ठेवून जंगलातल्या वाटांवर चाला. झाडाच्या एकेका खोडावर शेवाळ, नेचे आणि ऑर्किडची पानं इतकी दाट असतात की मूळची साल दिसत नाही.

कडे आणि माकडं

वरची माती जांभ्याची, खाली काळा कातळ. पावसानं कडेची माती आतून पोखरली जाते आणि वरून गवत मात्र घट्ट वाटतं. कठड्याच्या पलीकडे पाय टाकायचाच नाही, मग फोटो कितीही चांगला येणार असो. कोरड्या दिवसांत उतारावर बारीक खडे मण्यांसारखे पायाखालून सरकतात, तेव्हा पावलं आडवी टाका. झिजलेल्या तळव्याचे बूट आणि स्लीपर यांवर सगळ्यात जास्त माणसं घसरतात. लागलं तर बाजाराजवळ नगरपरिषदेचं बी. जे. हॉस्पिटल आहे, आणि रुग्णवाहिकेला गावात परवानगी आहे.

माकडं पिशवीच्या आवाजावर येतात. वेफर्सचं पाकीट, प्लास्टिकची पिशवी, हातातली चिक्की दिसली की ती हिसकावणारच. खाणं सॅकच्या आत, चेन बंद. हिसकावलंच तर सोडून द्या, ओढाताणीत नखं लागतात; ओरखडा आला तर साबणानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा आणि रेबीजच्या लशीचं विचारा. लॉजच्या खोलीची खिडकी जाळीशिवाय उघडी ठेवून बाहेर जाऊ नका. बाथरूमची छोटी खिडकीही बघा, तीच विसरते, आणि आत आलेलं माकड साबण, टूथपेस्ट, गोळ्यांची पाकिटं सगळं तपासून बघतं. त्यांना स्वतःहून खायला घालू नका. माणसाच्या हातचं खाऊनच ती अंगावर यायला शिकली आहेत.

कचरा वर टाकला की तो गोळा करून हातगाडीवरून हलवावा लागतो, कारण कचऱ्याचा ट्रकही इथे सहज फिरत नाही. २००३ पासून हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. रिकामी बाटली आणि पाकिटं सॅकच्या बाजूच्या कप्प्यात टाकून नेरळपर्यंत खाली न्या.

परतीला लॉजवरून निघण्याची वेळ ठरवताना उलटं मोजा. लोकलची वेळ, त्याआधी घाटाचा अर्धा तास, टॅक्सी भरायला वीस मिनिटं, सुट्टी असेल तर रांगेचा एक तास, बाजार ते दस्तुरी पाऊण तास, आणि चिक्की, मध, चामड्याच्या चपला घ्यायच्या असतील तर अर्धा तास वेगळा. संध्याकाळी साडेसहाची लोकल धरायची तर रविवारी बाजारातून साडेतीनच्या आतच निघायला हवं. शटलनं जाणार असाल तर तिकीट मिळालं नाही म्हणून चालावं लागेल, असं धरूनच वेळ काढा.